बशीकाकांनी पाडलेली खिडकी

आमचं शेत आज आईच्या नावावर आहे ते शहरातल्या छावणी भागातल्या बशीकाकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं लिहिताना मन थाऱ्यावर राहील की नाही, सांगता येत नाही.

बशीकाका हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. टपालखात्यातून निवृत्त झालेला साधा माणूस, पण नाद आकाशातून पडलेल्या दगडांचा. कुणी काळा दगड घेऊन आला की काका आधी चहा संपवायचे, मग बशी पालथी करून तिच्या बुडाच्या खरखरीत कडेवर दगड घासायचे. लाल किंवा काळी रेघ उठली की म्हणायचे, "हा आपल्याच जमिनीचा. घेऊन जा." घरातल्या एकाही बशीचं बूड स्वच्छ नव्हतं.

"पाहुण्यांसाठी दोन तरी सोडा हो," काकी करवादायच्या.

"पाहुणे काय बशी पालथी घालून पितात?"

चुंबकावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. लोक चुंबक चिकटलेला दगड नाचवत यायचे. काका हसायचे. "अरे, मराठवाड्याचा कातळच चुंबकाला ओढ घेतो. आपल्याकडं चुंबक सगळ्यांनाच हो म्हणतो."

त्यांचा व्यवहार अदलाबदलीचा. विहिरी खोदताना निघणाऱ्या गारगोट्या, म्हणजे ते पांढरे-हिरवट स्फटिक, ते मजुरांकडून जमवायचे आणि परदेशातल्या आपल्यासारख्याच वेड्यांना पाठवायचे. बदल्यात तिकडच्या वाळवंटांत सापडलेल्या उल्का यायच्या. मी आठवीतून शाळा सोडलेला, वाळूजला वेल्डर. त्या दगडांसाठी लोखंडी मांडणी करून द्यायला म्हणून गेलो आणि त्या घरचाच झालो. "बस रे, चहा घे," हे मला शहरात फक्त त्याच घरात ऐकू यायचं.

मग आमचं वर्कशॉप बंद पडलं. वडील त्याआधीच गेलेले. सिल्लोडकडं आमच्या शेतात नांगराला एक काळा, जड दगड लागला आणि आठवड्याच्या आत दोन साहेब जीप घेऊन दारात. हातमोजे घालून त्यांनी दगड उचलला, दोरीला चुंबक बांधून जवळ नेला. चुंबक चिकटला. आईनं दगडाला हळदकुंकू वाहिलं. साहेब म्हणाले, परदेशी गिऱ्हाईक तयार आहे, कोटीत जाईल, फक्त तपासणीची अनामत आधी भरा. अनामत कुठून आणणार? शेत विकायचं ठरलं. गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत आई अंगठा देणार होती. मी दगड पिशवीत घालून काकांकडं पळालो. काकांनी एकदा व्हय म्हटलं की माझी धाकधूक थांबणार होती.

काकांनी बशी उचललीच नाही. दगड नुसता फिरवून पाहिला. "लोहाराच्या भट्टीतली मळी आहे ही, लोखंड वितळवताना उरतो तो गाळ. कधीकाळी असेल तिथं भट्टी."

"नीट बघा ना काका. लई जड हाय."

"मळी जडच असते."

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला सोताला पायजे, म्हणून पाडून बोलताय!"

काकी आतून बाहेर आल्या. काका मात्र चिडले नाहीत. उठले, मांडणीच्या वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेला, खरोखर आकाशातून पडलेला एक दगड आणला. भाजलेल्या वांग्यासारखी काळी साल, कुठंही टवका नाही, कणकेत अंगठे दाबावेत तशा खळ्या. त्यांनी कानस माझ्या हातात दिली.

"याचा एक कोपरा घास. आतलं दिसेल अशी खिडकी पाड."

"अहो, तो नको!" काकी म्हणाल्या.

"त्यालाच घासू दे. मी घासलं तर म्हणेल, म्हाताऱ्यानं हातचलाखी केली."

मी घासलं. साल गेली आणि आत राखाडी पिठात लोखंडाचा कीस मिसळावा तसे कण चमकले. आयुष्यभर लोखंड हाताळलेलं, मला ते ओळखायला कुणाची गरज नव्हती. मग माझा दगड घासला. एकही कण नाही. अनारशासारखी जाळी, नुसते बुडबुडे.

"भट्टीत उकळतं तिथं बुडबुडे," काका हळूच म्हणाले. "आता आईला फोन लाव."

मी नंबर लावला. काकांनीच फोन घेतला. "वहिनी, मी छावणीतून बोलतोय. उद्या कुठंही अंगठा द्यायचा नाही. पोरगं इथंच जेवून येईल."

त्या अखंड दगडाचं पुढं कळलं, तेही काकींकडून. परदेशातला एक माणूस त्याच्या बदल्यात शुद्ध लोखंडी उल्केचा तुकडा देणार होता. काका कित्येक वर्षं त्या तुकड्यासाठी झुरत होते. अट एकच, साल अखंड हवी. काकांनी त्याला सरळ कळवलं की आता दगडाला खिडकी पडली आहे. त्यानं नाही म्हटलं. मी काकांपुढं मान खाली घालून उभा राहिलो, तर म्हणाले, "घराला नसतात का खिडक्या? चल, चहा घे."

आज मी समुद्रापलीकडं आहे. इथं दिवसभर लोखंडी पाइप खांद्यावर वाहतो. आणि तिथं काकांची एक बाजू लुळी पडली आहे, वाचा गेली आहे. काकी एकट्या. त्यांना काकांना कुशीवर वळवता येत नाही, कुणी शेजारी येईल म्हणून दारात उभ्या राहतात. फोन काकांच्या कानाला लावतात, मी बोलतो, पलीकडून नुसता श्वास येतो. रजा मागितली, कंपनीवाले नाही म्हणाले. पुन्हा मागितली. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, करार संपायचा आहे. रोज फोन वाजला की पाइप खाली ठेवून आधी नंबर कुणाचा ते बघतो.

काका, थोडं थांबा. सुटलो की आधी गावी जाणार नाही, तुमच्याकडं येईन. मी तुम्हाला उचलून बसवीन, अंघोळ घालीन, पाठीला तेल लावीन. आईला सांगून ठेवलंय, ती म्हणाली, आधी तिकडंच जा. माझ्याकडं द्यायला हे दोन हात आहेत, ते तुमचे.