पडलेल्या साहेबांचा डबा

पडलेल्या साहेबाला निरोप द्यायला जाणारा माणूस उभ्या पनवेलमध्ये एकच होता, आणि त्याचे टेबल माझ्या टेबलाला लागून होते. तिथे तो बसत असे, असे मात्र म्हणवत नाही. आमचे हे शेजारी कधी बसलेच नाहीत. फोन उभ्याने, जेवण फेऱ्या मारत, आणि मीटिंगमध्ये दाराला टेकून, एक पाय बाहेर ठेवून. "बसा की हो, अंगात वारं शिरलंय का?" असे विचारले की म्हणत, "अहो वाचनालय, या कंपनीत बसलेल्याची खुर्ची जाते. उभ्याचं काय नेणार?" मी जेवताना पुस्तक उघडतो, म्हणून मी वाचनालय.

कंपनी मालवाहतुकीची, अवाढव्य. तिच्यात तिसऱ्या मजल्याचा एक गट आणि चौथ्याचा दुसरा. काम काय झाले यापेक्षा कोणाच्या वाढदिवसाच्या केकला कोणी टाळ्या वाजवल्या, याची चौकशी अधिक. तिसऱ्या मजल्याने कपाटे खिडकीशी लावायला सांगितली की चौथा ती भिंतीशी हलवायला लावी. शेजारी सकाळी याचे ऐकत, दुपारी त्याचे, आणि संध्याकाळी कपाटाच्या पाठीवर थोपटून म्हणत, "दमलास रे बाबा."

अधूनमधून एखादा साहेब पडे, म्हणजे त्याची खुर्ची जाई. पहिल्यांदा त्याची गाडी काढून घेत. मग तो खोके घेऊन गेटवर रिक्षाची वाट बघत उभा राही आणि सारे ऑफिस एकाएकी कामात बुडे. बातमी आदल्या दिवशीच फुटलेली असायची, त्यामुळे शेजारी तयारीने खाली उतरत. ते कोकणातले ज्यू. अर्धे गोत इस्रायलला गेलेले, हे मात्र इथेच. त्यांच्या हातात घरच्या मलिद्याचा डबा असे: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलची. "येणाऱ्याला हार घालायला पुष्कळ असतात हो," असे मला सांगत आणि साहेबाला बजावत, "डबा मात्र परत पाठवा. घरी बोलणी बसतात." कोणी पाठवत नसे.

चौथ्या मजल्याच्या साहेबांना या मलिद्यात कारस्थान दिसले. "उभं राहायला आवडतं ना? मग यार्डात उभे राहा," म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना कंटेनरच्या धुळीत पाठवले. छाती मुळातच नाजूक. खोकला बोलण्याच्या आधी येऊ लागला. मग एक दिवस ते साहेबही पडले. नव्या साहेबांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितले, "सोमवारपासून वर या. फक्त उद्या गेटवर दिसू नका."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. खिडकीतून पाहिले, तर यार्डाकडून शेजारी येत होते, डब्यावरची धूळ बाहीने पुसत. मी धावत खाली गेलो.

"अहो, नका. एक दिवस. छातीचा तरी विचार करा."

"केला हो. पण हिनं मलिदा करून ठेवलाय. टाकू कुठे?"

गेटवर उभ्या त्या साहेबांचे दोन्ही हात खोक्यात अडकलेले. शेजाऱ्यांनी डबा खोक्यावर ठेवला आणि नेहमीचेच म्हणाले, "परत पाठवा मात्र."

सोमवार आला; शेजाऱ्यांना वर बोलावणे आले नाही. पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

आज सकाळी रिसेप्शनवरून मला फोन आला. खाली तेच साहेब उभे होते, रिक्षाने आलेले, केस पांढरे झालेले. "ते कुठे भेटतील? डबा द्यायचा राहिला होता." मी सांगितले. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. मग डबा माझ्या हातात देत म्हणाले, "रिकामा कसा द्यायचा, म्हणून लाडू आहेत."

संध्याकाळी तो वहिनींकडे पोचवायचा आहे. तोवर शेजाऱ्यांच्या टेबलावर ठेवला आहे, आणि मला काही केल्या बसवत नाही.