वायरमनची जागा

पुठ्ठा कापण्यात बाइंडरमावशीचा हात धरणारं त्या वाचनालयात कोणी नव्हतं. तीस वर्षं पुस्तकं शिवून अंगठ्याला घट्टा पडला होता, तसा जिभेलाही पडला असावा. पानं दुमडून पुस्तक परत करणाऱ्याला, मग तो कितीही मोठा साहेब असो, ती तोंडावर सुनावायची, "पुस्तक वाचायला दिलं होतं, चावायला नाही."

यंदा वाचनालयानं गावातल्या समलिंगी माणसांचा इतिहास गोळा करायला घेतला. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईसोबत जन्म काढलेल्या बाया. त्यांची पत्रं, वह्या, फोटो. आधी प्रदर्शन, मग कपाटात कायमची जपणूक. डागडुजी अर्थातच मावशीकडे.

लेथवाल्या काकांनी एकच फोटो दिला, तोही अर्धा. एका वायरमनसोबत त्यांनी चाळीस वर्षं एका खोलीत संसार केला. वायरमन वारला, तसा त्याचा भाऊ आला आणि फोटोतला 'आमचा माणूस' कात्रीनं कापून घेऊन गेला. उरले काका, आणि त्यांच्या खांद्यावर वायरमनची चार बोटं. काकांनी बजावलं होतं, "तो दिसला पाहिजे. मला एकट्यालाच टांगणार असाल तर फोटो परत नेतो."

"बोटं झाका हो मावशी," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "विचित्र दिसतात."

चौकटीत फोटोवर बसणाऱ्या पुठ्ठ्याची खिडकी फोटोपेक्षा जराशी लहान कापायची, म्हणजे फाटकी कड झाकली जाते, हा मावशीचाच शिरस्ता. पण त्या दिवशी तिनं खिडकी दुप्पट रुंद कापली. एका बाजूला काका, कात्रीची कड उघडी, आणि शेजारी तेवढाच कोरा कागद.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "लोक म्हणतील, माप चुकलं."

"माझं? म्हणू देत. मग विचारतील की इथं कोण होतं. खाली चिठ्ठी लिहा तुम्ही."

बाईंनी लिहिली, आडपडदा न ठेवता: लेथ कामगार आणि त्याचा जोडीदार वायरमन, चाळीस वर्षं एकत्र, जोडीदाराची बाजू त्याच्या भावानं कापून नेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काका परवानगीच्या कागदावर सही करायला आले. चिठ्ठी वाचली. चौकटीकडे बघत राहिले. पेन काही हलेना.

"काय बिनसलं, काका?" मावशीनं विचारलं.

"जागा कमी दिलीस."

"मोजून दिलीय. तुमच्याइतकीच."

"तिथंच तर चुकलीस. तो माझ्याइतका असता तर चाळीस वर्षं मी पलंगाच्या काठावर कशाला निजलो असतो? ढेरी ही एवढी." काकांनी पोटापुढं हवेत हात धरला.

मावशीनं त्या हाताला मोजपट्टी लावली. "एवढी?"

"अजून थोडी."

"जेवणाआधीची की नंतरची?"

"नंतरचीच धर."

मावशीनं नवा पुठ्ठा ओढला, खिडकी तीन इंचांनी वाढवून कापली आणि फोटो बसवला. काकांनी मान तिरकी करून पाहिलं.

"हां. आता मावला," म्हणाले, आणि सही ठोकली.