पाण्याला हात

मुलगा इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. तिथे जो तो गाडीतूनच फिरतो, म्हणून बाथ शहरात आल्यापासून पायी हिंडायला मला बरं वाटत होतं. पिवळ्या दगडाची घरं, नदीवर दुकानं असलेला पूल. नऊ वर्षांची नात माझं बोट धरून चालत होती.

मग आम्ही रोमन लोकांचं स्नानाचं तळं बघायला गेलो. हिरवं पाणी, वर वाफ. मी वाकून हात पुढे केला.

"आजी, नको! बोर्ड बघ. पाणी टच नाही करायचा. आपल्याला अलाउड नाही!"

माझा हात झटकन पदराखाली गेला. मी मागे सरून खांबाला टेकले. इथेही? एवढ्या लांब येऊनही?

"अगं आई, सगळ्यांनाच मनाई आहे," मुलगा म्हणाला. "पाणी शुद्ध केलेलं नाही ना."

तेवढ्यात तिथे देखरेखीला असलेल्या बाईने एका गोऱ्या माणसालाही मागे सारलं. मला पटलं, पण हात पदराबाहेर येईना. नातीला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मी ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं.

पुढे तेच पाणी शुद्ध करून प्यायला ठेवलं होतं. नातीने माझ्यासाठी कागदी कप भरून आणला आणि मी तिच्यापुढे ओंजळ धरली. माझं मलाच कळलं नाही, केव्हा धरली ते.

"माझा आजी फनी आहे! कप घे ना!"

मुलगा हसला नाही. मी कप घेतला. पाणी कोमट, लोखंडाच्या चवीचं.

बाहेर बाकावर बसलो तर तिने पुन्हा विचारलं, "हात असे का केलेस?"

"राहू दे, आई," मुलगा हळूच म्हणाला.

पण ती माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, "मी चौथीपर्यंत शाळेत गेले ना, तिथे माठाला हात लावायची आम्हाला बंदी होती. कुणी वरून ओतलं तर ओंजळीने प्यायचं. नाही ओतलं तर तसंच घरी."

"ते पाणी डर्टी होता?"

"नाही गं. पाणी चांगलं होतं."

"मग?"

"आम्हाला घाण समजायचे."

मग तिने माझा हात ओढून नाकाशी धरला, उलटा केला, पुन्हा हुंगला.

"नुसता सोपचा स्मेल येतो, बाबा," ती म्हणाली.