उपवासाला चालणारी कॉफी

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, रोज संध्याकाळी जिच्याबरोबर फिरायला जाते त्या मैत्रिणीलाही नाही. यंदाच्या सर्वपित्रीला पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि तेव्हापासून मला नीट झोप लागते. तेव्हा घाईघाईत, उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं. आज तुम्हाला बसून, क्रमाने सांगते.

क्रमाने म्हणतेय खरी, पण धरायचं कुठून? कॉफीपासूनच धरते.

मी नगरला सावेडीत राहते. आठवी ते दहावीच्या मुलांच्या सायन्सच्या ट्यूशन घेते. हे मुद्दाम सांगतेय, कारण मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईंनी मला एका बैठकीला नेलं. तिथे ती कॉफी होती. आपली नेहमीची कॉफी बियांची असते. वरची लाल साल आणि गर काढून टाकतात. ही मात्र अख्ख्या फळाची — सालीसकट, गरासकट वाळवून केलेली पूड. पाकीट फोडायचं, गरम पाण्यात ढवळायचं, झालं. वास मनुकांसारखा, चव किंचित आंबूस. खरं सांगते, मला आवडली. अजूनही आवडते.

आणि तिचे गुण! अँटिऑक्सिडंट, मेंदूला तरतरी, पोटाला हलकी, शुगरवाल्यांनाही उत्तम. बैठकीत माणसं एकेक करून उठायची आणि देवळात अनुभव सांगावेत तसे अनुभव सांगायची. कुणाचे गुडघे दुखायचे राहिले, कुणाची झोप सुधारली. मीही उठले. माझं काहीच दुखत नव्हतं, तरी माझी डोकेदुखी गेली! टाळ्या पडल्या. टाळ्यांची चटक लागते हो. पुढे मी ती कॉफी विकायलाही लागले.

फळाच्या गरात काही चांगलं नसेलच असं मी आजही म्हणत नाही. शेवटी फळ आहे ते. पण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं की हे औषध नव्हे आणि जेवणाला पर्याय नव्हे. ते मी वाचलं होतं. चष्मा लावून वाचलं होतं.

आमचं मूळ घर पुणतांब्याला. तिथे सासूबाई, मोठे दीर आणि मोठ्या जाऊबाई — मंदाताई. मंदाताई म्हणजे कमी बोलणार आणि बोलल्या की एकाच वाक्यात काम संपवणार. मी पहिल्यांदा ती पाकिटं घेऊन गेले, ओट्यावर बसून सगळं समजावलं, फळ कसं, साल कशी, गर कसा. मंदाताई पेरू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "फळच खायचं तर आपल्या बागंत पेरू हायेत की, वैशाली."

झालं! शेजारच्या दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. मला मिरच्या झोंबल्या. शिकलेली सून मी, आणि मला एका पेरूने गप्प बसवलं! हसून सोडून देण्यासारखी गोष्ट होती ना? मी नाही सोडली. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

सासूबाईंचा मात्र माझ्यावर भारी विश्वास. पाकिटं त्यांनी ठेवून घेतली. "माझी नगरची सून" असं चार बायकांत म्हणायच्या. त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. नवरात्रात नऊही दिवस उपवास करायची त्यांची जुनी रीत, आणि डॉक्टरांनी उपवासाला सक्त मनाई केलेली. मग मंदाताईंनी मधला मार्ग काढला होता. उपवास करा, पण दुपारी भगर आणि दही ताटभर खायचं, संध्याकाळी राजगिऱ्याचं काहीतरी. आणि सकाळ-संध्याकाळ गोळी त्या स्वतः सासूबाईंच्या हातावर ठेवायच्या. कधी चुकायच्या नाहीत.

सासूबाईंना ती भगर खुपायची. भगर म्हणजे धान्यच की, असं त्यांचं मत. देवीला फसवल्यासारखं वाटायचं त्यांना. त्या वर्षी घट बसायच्या आधी त्यांचा मला फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच विचारलं, "वैशाली, ती तुजी कॉफी फळाची हाय ना? मंग उपासाला चालंल ना?"

मी हसले. काय गोड प्रश्न, असं वाटलं मला. म्हटलं, "चालेल की, आई. अख्खं फळ आहे ते."

इथवर ठीक होतं. इथे थांबले असते तर आज सांगायला काही उरलं नसतं. पण त्यांनी पुढे विचारलं, "मंग भगर न्हाई खाल्ली तर?"

मी काय उत्तर द्यायला हवं होतं? ट्यूशनमधलं नववीचं पोरसुद्धा सांगेल. साखर कमी करणारी गोळी पोटात आणि अन्नाचा कण नाही — काय होईल? मला ते माहीत होतं, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर साखर नव्हती, पेरू होते. मी म्हटलं, "एका पाकिटात फळाचं सगळं सत्त्व असतं, आई. दिवसातून तीनदा घ्या, मग दुसरं काही नाही खाल्लं तरी भागतं." आणि वर हेही म्हटलं, "मंदाताईंना मात्र सांगू नका. त्या उगाच नाक मुरडतील."

ही ती दोन वाक्यं. इतकी वर्षं मी ती मनात बदलून बघितली, मऊ करून बघितली. ती तशीच आहेत.

पाचव्या माळेला सकाळी सासूबाई घटासमोरच कोसळल्या. घामाने निथळत होत्या, बोलणं बरळल्यासारखं. दीर आणि मंदाताईंनी गाडीत घालून त्यांना कोपरगावला दवाखान्यात नेलं. आम्ही नगरहून निघालो, आधी उलटं केडगावला जाऊन माझ्या नणंदेला, अक्कांना, घेतलं. गाडीत मी पर्सची चेन उघडत-लावत होते. सगळ्यांना वाटलं मी काळजीत आहे. काळजीत तर होतेच, पण कुणाच्या?

आम्ही पोचलो तेव्हा सलाईन चालू होतं आणि सासूबाई डोळे उघडून पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, साखर अगदी तळाला गेली होती, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. मग त्यांनी विचारलं, "पोटात काहीच नव्हतं यांच्या. घरी जेवणाचं कोण बघतं?"

सगळ्यांनी मंदाताईंकडे पाहिलं. त्यांचा पदर अर्धा खाली आलेला, पायात दोन वेगळ्या चपला. "म्या रोज भगर वाढली, साहेब. ताट रिकामं यायचं." अक्का फिस्कारल्या, "रिकामं यायचं की रिकामंच जायचं?"

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, जेवणाऐवजी दुसरं काही घेत होत्या का, कुणी काही दिलं होतं का? त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. सासूबाईंचीही आली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही — वाट बघत होत्या, मी बोलेन म्हणून.

मी म्हटलं, "नाही, डॉक्टर. मंदाताईच बघतात सगळं." आणि सासूबाईंच्या पायांवरची चादर नीट केली.

नंतर सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "मंदाचं काय चुकलं न्हाई." त्यावर अक्कांचं उत्तर तयार होतं. तुला तिच्याच दारात राहायचंय, तू तिचीच बाजू घेणार! मग सासूबाई गप्प झाल्या. पुढचं त्या सांगू शकल्या असत्या, पण मी सांगू नका म्हटलं होतं. त्यांनी शब्द पाळला. मला पाठीशी घालायचं म्हणून नव्हे हो, दिलेला शब्द म्हणून पाळला. त्या बाईला मी केवढ्या कोंडीत टाकलं होतं, आणि मला त्याचं काय वाटलं असेल? सुटका. त्या दिवशी मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात पुणतांब्याला गेले आणि त्यांच्या उशाखालची उरलेली पाकिटं पर्समध्ये टाकून आणली. त्यानंतरही मी वर्षभर ती कॉफी विकत होते.

घरात मग ठरलं की नवरात्रात आईंना पुणतांब्याला ठेवायचं नाही. नगरला न्यायचं — कुणाकडे? माझ्याकडे! मी शिकलेली, मी लक्ष ठेवणार. दरवर्षी आम्ही सर्वपित्रीचं जेवायला पुणतांब्याला जायचो आणि संध्याकाळी सासूबाईंना घेऊन यायचो. ज्या घरात त्या सून म्हणून आल्या तिथला घट मंदाताई एकट्या बसवायच्या. माझ्या घरी सासूबाई मुकाट्याने सगळं खायच्या, आणि माळ बांधताना मध्येच म्हणायच्या, "मंदानं घातली आसंल का गं?" मी म्हणायचे, घातली असेल. नातेवाईक माझं कौतुक करायचे. मी ते घ्यायचे. असं कौतुक घशाखाली कसं उतरतं, विचारू नका. उतरतं.

यंदाही तसेच गेलो. जेवणं झाली, सासूबाईंची पिशवी भरून ओट्यावर आली, अक्का गाडीत बसायच्या बेतात. तेवढ्यात मंदाताई आतून एक डबा घेऊन आल्या. भाजलेली भगर होती, निवडून ठेवलेली. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "समोर बसून खाऊ घाल त्यान्ला. उठू नको मधी. त्या वर्षी माझं ध्यान कमी पडलं."

टोमणा नव्हता तो, हो. टोमणा असता तर मी झेलला असता आणि गाडीत बसले असते. त्यांना खरंच तसं वाटत होतं! इतकी वर्षं अक्का म्हणत होत्या, भावकी म्हणत होती, आणि शेवटी मंदाताईंनीही ते मानलं होतं. ज्या बाईने एक दिवस गोळी चुकवली नाही, एक दिवस ताट चुकवलं नाही, ती मला सांगत होती की आपलंच ध्यान कमी पडलं.

मी तिथेच, डबा हातात धरून, सगळं बोलले. फोन, कॉफी, दुसरं काही नाही खाल्लं तरी भागतं, मंदाताईंना सांगू नका. डॉक्टरांना खोटं सांगितलं तेही, पाकिटं लपवली तेही. दीर मान खाली घालून उभे होते. माझ्या नवऱ्याने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि गोठ्याकडे निघून गेला. अक्कांनी गाडीचं उघडलेलं दार परत लावलं.

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या सासूबाईंकडे वळल्या. "आई, मंग भगर जायची कुटं?"

सासूबाई पुटपुटल्या, "वासराला घालत हुते."

मंदाताई मटकन ओट्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. "मला वाटायचं, माझंच डोस्कं फिरलंय," त्या म्हणाल्या. "वाढलं का न्हाई वाढलं, मलाच समजंना झालं हुतं."

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदे एकदम खाली आले. आपण विहिरीवरून भरलेली कळशी आणून खाली ठेवतो ना, तसे. मी इतकी वर्षं माझ्याच ओझ्याचा विचार करत होते. म्हणाल्या, "मंदा, पिशवी आत घे. घट हितंच बसवू."

मंदाताईंनी डोळे पुसले, माझ्या हातातला डबा घेतला, दुसऱ्या हातात पिशवी घेतली आणि आत गेल्या.

आम्ही सासूबाईंना न घेता परत निघालो. नवरा नंतर बरेच दिवस तुटक बोलत होता, अजूनही पूर्ण निवळलेला नाही. मंदाताईंचा फोन आलेला नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हलकं वाटत होतं, भूक लागली होती. त्याची लाजही वाटली, पण हलकं वाटत होतं हे खरं.

तुम्हाला सांगण्याचं कारण वेगळं आहे. आमच्या भावकीत, पुणतांब्यात, नगरमध्ये ती जुनी गोष्ट अजून पुष्कळांच्या तोंडी आहे की त्या घरच्या थोरल्या सुनेने सासूला नवरात्रात उपाशी ठेवलं. ती खोटी आहे. सासूबाई उपाशी राहिल्या त्या माझ्या सांगण्यावरून. मंदाताईंनी रोज ताट वाढलं होतं.