माथ्यावरचा माणूस

माझ्या दाजींइतका सावध माणूस कोल्हापूर जिल्ह्यात आजवर जन्मला नाही, आणि इतकं सावध असूनही दर हिवाळ्यात सगळं खानदान जीपमध्ये भरून राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्यांवरून खाली सोडणारा माणूसही दुसरा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कसबा बावड्यात घर आणि गावाबाहेर लहानशी फाउंड्री. लोखंड ओतायचे साचे वाळूचे असतात, त्यामुळे चाळीस वर्षं त्यांचे हात वाळूतच. मूठभर वाळू उचलायची, दाबायची, झालेला गोळा अंगठ्याने फोडायचा आणि ओल किती, माती किती ते सांगायचं. ही सवय इतकी हाडीमाशी भिनली होती की आक्का रव्याचे लाडू वळायला बसली तरी हे एक उचलून दाबत आणि गंभीरपणे म्हणत, "ओल कमी पडली. साचा ढासळंल." आक्का म्हणायची, "खायचा हाय तो, ओतायचा न्हाय."

एकदा धंद्याच्या कामाने ते जोधपूरकडे गेले. तिथल्या कुणीतरी त्यांना पुढे नेऊन वाळवंट दाखवलं, आणि माणूस वेडा होऊनच परत आला. "एवढी वाळू! चाळायला नको, वाळवायला नको. देवानं नुसती पसरून ठेवलीया," असं ते महिनाभर भेटेल त्याला सांगत होते. पुढच्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी जुनी जीप दुरुस्त केली आणि ते, आक्का, भाचा आणि मी, असे आम्ही चौघं तीन दिवस धूळ खात तिकडे गेलो. त्यानंतर दर वर्षी. हळूहळू त्यांचे फाउंड्रीतले दोन मित्र बायकापोरांसह आले, भाच्याचं लग्न झाल्यावर सूनबाई आली, आणि एकाच्या चार जीपा झाल्या. प्रत्येक जीपला मागे उंच काठी आणि काठीला आक्काच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा. टेकडीच्या पलीकडे गेलेली गाडी दिसत नाही, निदान तिचं निशाण दिसावं म्हणून. निघायच्या दिवशी बावड्याच्या चौकात कुणीतरी विचारायचंच, "दाजी, कुठल्या देवाची पालखी म्हणायची ही?" दाजी उत्तर द्यायचे, "पट्टा बांधल्याशिवाय पावत न्हाय, असला देव हाय."

पट्टा, हेल्मेट आणि हवा हे त्यांचं त्रिदैवत. जीपमध्ये बसून हेल्मेट घालायला लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वाळू लागली की चाकांची हवा निम्म्याहून कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. त्यासाठी हवा मोजायचं गोल घड्याळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बारा महिने असे. पेठ वडगावला एका लग्नात वरात निघायच्या ऐन वेळी हे वाजंत्र्यांना बाजूला सारत घोड्यापाशी गेले, खोगिराचा पट्टा दोन बोटांनी ओढून पाहिला आणि ओरडले, "पावणं, नवरदेवाला उतरवा खाली! पट्टा ढिला हाय." घोडेवाला चिडला, नवरीचा मामा चिडला, बँड थांबला. पट्टा खरंच ढिला होता. तो आवळल्यावर दाजींनी नवरदेवाला वर बसवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, ते म्हणाले होते, "उतारावर मागं रेल."

दर वर्षी ते जीपच्या टपावर एक लांब लाकडी फळीही बांधून न्यायचे. "माणूस मोडला तर उचलायला," असं ते शांतपणे सांगत. एवढी वर्षं कुणी मोडलं नाही, त्यामुळे त्या फळीवर बायका कांदे चिरत आणि आम्ही पत्ते खेळत असू. संध्याकाळी वाळू गार व्हायला लागली की शेकोटीभोवती बसून घरून आणलेली भाकरी आणि कांदा-लसणाची चटणी खायची आणि दाजींच्या शिव्या ऐकायच्या. दिवसभरात ज्याने जो नियम मोडला असेल त्याचा हिशेब तिथे व्हायचा. त्यांची शिवी तीन मजली असे: पहिला मजला माणसाचा, दुसरा त्याच्या अकलेचा आणि तिसरा त्याला गाडी चालवायला शिकवणाऱ्याचा. भाच्याला तिसरा मजला द्यायची वेळ आली की आक्का हसून लोळायची, कारण त्याला शिकवणारे तेच. मला आजही कुणी विचारलं की सुख म्हणजे काय, तर मला ती शेकोटी आठवते आणि माझ्याकडे बोट करून उठवलेला तो आवाज.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे मी मुद्दामच वळसा घालून येतोय, हे माझं मलाही कळतंय.

दाजींचा सगळ्यांत मोठा नियम माथ्यावरच्या माणसाचा. जीप जोर घेऊन टेकडी चढते, तेव्हा चालवणाऱ्याला फक्त आभाळ दिसतं. माथ्यापलीकडे सरळ उतार आहे की वाऱ्याने कोरलेला कडा, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून एका माणसाने आधी पायी वर जायचं, अगदी कडेपर्यंत चालायचं, पलीकडे डोळ्यांनी पाहायचं आणि मग हात वर करायचा. तोवर गाडी सुटणार नाही. आणि हा माणूस घरचाच हवा, असा दाजींचा हट्ट. "भाड्याचा माणूस हात वर करतोय, रक्ताचा माणूस आधी बघतोय," असं ते म्हणत. त्यामुळे त्यांच्या जीपसाठी माथ्यावर नेहमी मीच. मी कॉलेजच्या कार्यालयात कागद सरकवणारा माणूस. वर्षभर माझ्या हात वर करण्याने काहीच हलत नाही. तिथे मात्र माझ्या एका हातावर सगळं अडलेलं असे, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या संध्याकाळी त्याच टेकडीवरून आमच्या चारही जीपा उतरल्या होत्या. सकाळी पुन्हा तिथेच जायचं ठरलं. मी वर चढत होतो, दम लागला होता, बुटांत वाळू भरली होती. कडेपासून वीसेक पावलं अलीकडे मी खाली बसलो, एक बूट काढला आणि झटकायला लागलो. खालून पोरांचा गलका चालला होता. मनात आलं, काल तर बघितलंय की. आणि बसल्या बसल्या, एका हातात बूट धरून, मी दुसरा हात वर केला.

रात्री वारा सुटला होता. कालचा उतार तिथे नव्हता. जीप माझ्या बाजूने गर्जत गेली, लाल निशाण क्षणभर आभाळात दिसलं आणि दिसेनासं झालं. मग आवाज आला. मी एका बुटावर कडेपर्यंत धावलो. जीप खाली नाकावर पडून कलंडली होती. आक्का नशिबाने त्या दिवशी तळावर थांबली होती. दाजी पट्ट्याला लटकत होते आणि, खोटं सांगत नाही, सूचना देत होते. "इंजन बंद कर आधी. मला ओढू नको. पट्टा कापायचा न्हाय, सोडायचा. फळी कुठाय?" फळीवरचे कांदे झटकून ती आणली. मांडीचं हाड मोडलेला माणूस फळीवर पडून आम्हा चौघांना हाकत होता, "डावा कोपरा वर घ्या! वरात न्हाय ही, पावलं एकसारखी टाका." पट्टा आणि हेल्मेट होतं म्हणून ते वाचले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? दाजी म्हणाले, "माझी चूक. अंदाज चुकला." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

मांडीत सळई बसली. कोल्हापूरला आल्यावर चार महिने वॉकर, मग काठी. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायची. गुडघा किती वाकतो ते मोजून ती उत्साहाने म्हणायची, "काका, पंचाण्णव!" दाजींनी फाउंड्रीतून स्वतःचा कोनमापक मागवून घेतला होता. ते तो लावून बघायचे आणि म्हणायचे, "ब्याण्णव. बाई, मला बरं वाटावं म्हणून आकडं वाढवू नका. खोट्या मापाचा साचा फुटतोय." तिने तीन अंश कमी केले आणि दुसऱ्या दिवशीपासून ती त्यांना "मास्तर" म्हणायला लागली. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्यांचा दंड धरून त्यांना चालवायला जात असे. साखर कारखान्याच्या मळीचा वास, रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर, आणि त्यात दाजींचा दांडपट्टा सुरू. हेल्मेट नसलेला दूधवाला, तिघंतिघं बसून जाणारी कॉलेजची पोरं, दोर न आवळता ऊस भरणारा ट्रॅक्टरवाला, सगळ्यांना तीन तीन मजले. फक्त मला नाही. कधीच नाही. चहात साखर जास्त पडली तरी सूनबाई बोलणी खाई, आणि ज्याने त्यांचा पाय मोडला त्याला ते म्हणत, "सावकाश, दमला असशील."

तो मवाळपणा मला सोसेना. मला ती शिवी हवी होती. ती मिळत नाही म्हणजे मी त्यांचा राहिलो नाही, असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्या व्यायामवाल्या मुलीने ओल्या वाळूत अनवाणी चालायला सांगितलं. मी त्यांना कुरुंदवाडला नदीवर घेऊन गेलो. पाणी उतरलं होतं, काठाला वाळूची पट्टी उघडी पडली होती. दाजींनी वाकून मूठभर वाळू उचलली, दाबली आणि "बरी हाय" म्हणून सोडून दिली. मग काठी टेकत चालले. पुढे हातभर उंचीचा बांध होता. ते थांबले आणि सवयीने म्हणाले, "जरा बघून ये रं पलीकडं."

मी गेलो. कडेपर्यंत गेलो. पलीकडे गुडघाभर पाणी होतं, बाकी काही नाही. परत वळलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दाजी, त्या दिवशी मी कडेला गेलोच नव्हतो."

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? तुझ्या हातात बूट होता. बूट हातात घेतलेला माणूस कडंला जाऊन आलेला नसतोय. खालनं मला सगळं दिसत हुतं."

"मग गाडी का सोडलीत?"

दाजींनी पाण्याकडे तोंड फिरवलं. "पोरं टाळ्या वाजवत हुती," ते म्हणाले. "चढाचा जोर आला हुता. म्हटलं, काल तर उतरलोय की." त्यांनी काठीने वाळूत एक रेघ ओढली. "तुला शिव्या घालायच्या म्हंजे आधी मला घालाय लागत हुत्या. त्या काय मला जमंनात."

"आता घाला," मी म्हणालो. माझा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "माझ्या वाट्याच्या तरी घाला."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "गाढवा," ते म्हणाले. पहिला मजला. मी वाट पाहिली. दुसरा मजला काही आला नाही. मग ते माझा दंड धरून गाडीकडे चालायला लागले.

यंदाच्या नाताळात भाचा आणि बाकीचे तीन जीपा घेऊन गेले. डॉक्टरांनी दाजींना धक्क्याचा प्रवास कायमचा बंद केलाय, आणि ते गेले नाहीत म्हणून मीही गेलो नाही. सकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे बावड्याच्या रस्त्याने चालत होतो. थंडी होती. दाजींनी विचारलं, "आत्ता कुठवर पोचली असतील?"

"वाळू लागली असेल."

"हवा सोडली असंल?"

"सोडली असेल, दाजी."

एक दूधवाला हेल्मेट न घालता आमच्या शेजारून गेला; तोही शिवी न खाता सुटला.

"माथ्यावर कुणाला उभं करत असतील रं?"

मी म्हणालो, सूनबाईच्या भावाला, पोरगा चांगला आहे, चपळ आहे.

"व्हय, पोरगं बरं हाय," दाजी म्हणाले. काठी टेकत ते थोडे पुढे गेले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर तू असतास तर मला घोर नसता लागला."