रद्द नंबराचं मूल

"ह्या नंबरावर मूल नाही," कारकून बोलला, आणि माझी पोरगी त्याच्या पाठीमागे चार हातांवर पाळण्यात रडत होती. मला दिसत होती. तिची एक मूठ पाळण्याच्या बाहेर आलेली, मनगटाला काळा दोरा, आणि हा दारात टेबल आडवं टाकून बसलेला, वहीवर बोट ठेवून, मूल नाही म्हणून सांगतो. बाहेर मुंबईसाठीचा मोर्चा अडवला होता, पोलिसांनी अश्रुधूर सोडलेला, मिलने भोंगा दोन तास आधीच दिला, सगळ्या बाया आपापली पोरं उचलून मागच्या गेटने पळत होत्या, डोळ्यांची नुसती आग, आणि मी बिल्ला पुढे करून उभी. एकदा दाखवला, दोनदा दाखवला. तो बोलला, "बाई, हा नंबर दुपारी रद्द झाला."

हे नंबराचं सांगते, नायतर तुम्हाला काय कळायचं नाय. मिलच्या पाळणाघरात मूल ठेवायचं तर आधी कामाचं तिकीट लागतं. तिकिटावरून वहीत आईचं नाव चढतं, त्याच्यापुढे मुलाचं, मग एकाच नंबराचे पत्र्याचे दोन बिल्ले निघतात, एक पाळण्याला, एक आईच्या पदराला. सकाळी बिल्ला दाखव, मूल ठेव. सुट्टीत बिल्ला दाखव, अंगावर पाज. सुटल्यावर बिल्ला दाखव, मूल ने. बिल्ला हरवला तर जुना नंबर कापायचा, नवीन काढायचा, नोकरी सुटली तर नाव खोडायचं. हे सगळं वहीत तो एकटा लिहायचा, आणि रुबाब असा की पोरं जशी काय त्यानेच जन्माला घातली. शाई वाळावी म्हणून वहीवर फुंकर मारायचा, ती मारताना मात्र काय माया. मी पाच महिने रोज तीन वेळा त्याच्यापुढे उभी राहिले, त्याने कधी मान वर केली नाय. बिल्ला बघायचा. तोंड कशाला बघेल, तोंडावर नंबर थोडाच असतो.

आणि ते तिकीट माझं नव्हतंच. माझ्या मोठ्या जावेचं होतं. ती वाइंडिंग खात्यात कायम, तिला कावीळ झाली, ती मुलाला घेऊन गावाला गेली, तिची जागा जाऊ नये म्हणून तिच्या नावावर मी कामाला लागले. आमच्याकडे असं घरोघर चालतं, खात्याच्या नायकिणीला, म्हणजे मुकादमबाईला, ठाऊक असतं, ती डोळे मिटते. माझा नवरा महाराष्ट्र मिळवायला तुरुंगात गेलेला, दीर बदली, बोलावलं तर काम. खोलीत आठ माणसं आणि कायमचं तिकीट एकच. मग पाळणाघरातही जावेचंच नाव आणि तिच्या मुलाचं नाव चढलेलं होतं, त्या मुलाच्या जागी मी माझी चार महिन्यांची मुलगी ठेवली. तिथली आया मालवणची, ती पहिल्याच दिवशी लंगोट बदलताना हसायला लागली. "गो, ह्यां तर चेडू. वहीत झील लिवलो हा." चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा. मी घाबरून तिचे हात धरले. तर बोलते, "भिया नको. तो काय लंगोट सोडून बघता?"

नाय बघितलं. पाच महिने मुलीला मुलगा लिहिलं त्या शहाण्याने, रोज, तारीख घालून.

आता जाऊ ह्या मोर्चाच्या चार दिवस आधी गावाहून आली होती. घरी मला बोलली, "सोमवारपासून मी जातंय, तवसर तूच जा." मी गेले. आणि तिकडे ही बया मोर्चाच्याच दिवशी दुपारी टाइम ऑफिसात जाऊन तिकीट हरवलं सांगून आली. अंगठा दिला, नवीन तिकीट, नवीन बिल्ला. तिला भीती, मी जागा सोडायची नाय. मी, जी पाच महिने तिच्या नावाने हाक मारली की ओ देत होते. टाइम ऑफिसातून चिठ्ठी पाळणाघरात आली आणि कारकुनाने पट्टी लावून माझा नंबर लाल शाईने कापला. त्या नंबराच्या पाळण्यात मूल झोपलंय, हे वळून बघायला मान लागते.

"साहेब, मूल पाळण्यात आहे ना?"

"पाळण्यात असेल. वहीत नाही."

"मग कोणाचं ते?"

"नवीन बिल्ला घेऊन जी येईल तिचं. आणि लवकर आणा, मी कुलूप लावतोय. राहिलेलं मूल चौकीत जमा होतं."

नवीन बिल्ला जावेच्या पदराला, जाऊ डिलाईल रोडला चाळीत, मधे लाठ्या. मी बोलले, "साहेब, मी रोज येते, बघा तरी माझ्याकडे."

बघितलं. पहिल्यांदा. आणि हळूच बोलला, "ह्या नावाच्या तुम्हीच ना? मग दुपारी टाइम ऑफिसात अंगठा देऊन बिल्ला नेलात, तो दाखवा. आणि तुम्ही त्या नसाल, तर पाच महिने कोणाच्या तिकिटावर आत येता ते सांगा. मला वर कळवावं लागेल."

म्हणजे त्याला डोळे होते. कोणाला अडकवायचं असलं की उघडत होते.

खरं बोलले तर जावेचं तिकीट संध्याकाळपर्यंत गेलं, आठ माणसं उपाशी. नाय बोलले तर पोरगी चौकीत, त्या लाठीवाल्यांकडे. तेवढ्यात आया पोरीला खांद्यावर घेऊन टेबलापाशी आली. "कारकूनानू, ही त्येची काकी. मी वळखतंय. काकीक पोर देवक येता मां?"

त्याचा चेहरा उजळला. माझ्यासाठी नाय, वहीत तसला रकाना होता म्हणून. "काकी असाल तर तसं लिहून द्या," बोलला आणि सांगायला लागला. सदर मुलगा माझा नाही. मी त्याची आई नाही. आई न आल्याने नातेवाईक म्हणून ताब्यात घेत आहे.

मी चौथी शिकलेय. जावेला लिहिता येत नाय म्हणून मिलमध्ये पाच महिने अंगठाच देत होते, त्या दिवशी टाक हातात घेतला. पोरगी हातभर लांब रडते, तिच्या रडण्याने माझं दूध उतरलं, चोळी ओली, पदर ओला, आणि मी लिहिते, मी त्याची आई नाही. तो बघत होता ते. ओला पदर, सगळं. बोलला काय, "शाई सांडू नका."

खाली माझं खरं नाव घातलं. रकाना भरला, तिकिटाचं परत विचारलं नाय त्याने, पोरगी दिली. तिथेच भिंतीला टेकून बसले आणि पाजली, काकी पाजते, बघ म्हटलं.

घरी जाऊ बोलली, "बरा केलंस, तोंड गप ठेवलंस." सोमवारी तिकडे रुजू झाली, आठ जणांच्या पोटाचं भागलं. मला ना तिकीट ना बिल्ला. आता पोरगी चालायला लागलीय, आणि ती जरा गोड काय बोलली की जाऊ उचलून घेते, "वहीत तर माझाच हा गो ह्यां," आणि सगळी चाळ हसते.

नवरा सुटून आला. दोन वेळचं सरकारी जेवून आलेला माणूस, हार अजून गळ्यात. सगळं ऐकून घेतलं आणि बोलला, "खरं सांगायचं होतंस. कोणीतरी तत्त्वाला धरून राहायला नको?" मी त्याच्यापुढे ताट ठेवलं, जावेच्या पगारातलं.

पण तुम्हाला विचारते. दूध पाझरतंय, मूल हातभर लांब आहे, कुलूप त्याच्या हातात आहे. तुम्ही काय लिहून दिलं असतं?