प्रबुद्धची केस

लोधिवलीच्या वनिता गायकवाडला आजारी पडता यायचं, आणि तेही असं की समोरच्यानं घाबरून खुर्ची पुढे सरकवावी. छातीत कळ आल्याचं दाखवताना ती हात छातीवर नेत नसे. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून गप्प व्हायची, आणि तेवढ्यानंच काम व्हायचं. टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांना पेशंटशी बोलायला शिकवण्यासाठी आसपासच्या सात-आठ बायका खोट्या पेशंट म्हणून बोलावत. त्यात वनिता सगळ्यात पहिली आणि सगळ्यात पक्की. पोरं हातातल्या कागदात बघून प्रश्न विचारायला लागली की ती उत्तरच देत नसे.

"कागदाला इचारताय का मला?" ती म्हणायची. "माझ्याकडं बघा, मग सांगते."

एरवी ती गावच्या शाळेत मुलांचा आहार शिजवायची. सकाळी खिचडीचं पातेलं उतरवून झालं की महिन्यातून तीन-चार वेळा साडी बदलून रिक्षानं कॉलेजात जायची. नवरा मनोज साजगावच्या कारखान्यात होता. त्याला बायकोचं हे काम कळत नव्हतं, पण तो आडही येत नव्हता. कॉलेजच्या त्या दवाखान्याच्या फाटकातून वनिता परत आत जाते, हेच त्याला नवल वाटायचं. कारण त्याच दवाखान्यात त्यांचा मुलगा गेला होता.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रबुद्ध तेव्हा सात वर्षांचा. भाताची लावणी संपलेली, घरात ओल, पोरगं आजोबांशेजारी जमिनीवर चटई टाकून निजलेलं. सकाळी उठला तो पोट धरूनच. वनितानं त्याला कडेवर घेतलं आणि सातच्या आत ती दवाखान्यात होती. तरुण डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, काल काय खाल्लं ते विचारलं, पातळ औषध दिलं.

"डॉक्टर, ह्याचे डोळे उघडत नाय ओ नीट," वनिता म्हणाली होती.

"झोप झालेली नाही त्याची. घरी न्या, झोपू द्या."

ती घरी आली. पोरगं बोलायला गेलं तर शब्द तोंडातच घोळायला लागले. मग पापण्या पार मिटल्या. ती टेंपो करून पुन्हा त्याच दवाखान्यात गेली, तेव्हा साडेदहा वाजले होते. या वेळी एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी पोराच्या पापण्या बोटानं वर केल्या आणि ओरडले, "मण्यार! सकाळी कोणी बघितलं याला?" विषावरचं इंजेक्शन लावलं, श्वासाची नळी घातली, पण बाराच्या सुमारास सगळं संपलं. मण्यार चावते तेव्हा दुखत नाही, खूणही दिसत नाही, आणि पोट दुखतं, हे वनिताला त्या दिवशी कळलं. साप दुसऱ्या दिवशी चुलीमागच्या लाकडांत सापडला.

मुलगी मेघा तेव्हा दहा वर्षांची, कर्जतला मामाकडे होती. तिला 'भावाला पान लागलं', म्हणजे साप चावला, एवढंच सांगितलं. त्यानंतर नवराबायकोंनी त्या सकाळबद्दल चकार शब्द काढला नाही. मनोज बोलला असता तर त्याला विचारावं लागलं असतं, की तू परत का आणलंस त्याला? आणि वनिता बोलली असती तर तिलाही तेच स्वतःला विचारावं लागलं असतं.

असं असताना चार वर्षांपूर्वी सुरभी मॅडम गावात आल्या. त्या कॉलेजात शिकवायच्या. साप चावलेली माणसं दवाखान्यात उशिरा का पोचतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. माहिती गोळा करायला येणाऱ्या बाकीच्या ताया तक्ता भरून निघून जायच्या, या मात्र ओट्यावर मांडी घालून बसल्या, काळा चहा प्यायल्या. चौथ्या खेपेला वनिता बोलली. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला होता. तिनं सातचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, 'झोपू द्या' सांगितलं. सुरभी मॅडम रडल्या. वनिताला आठवत होतं, त्या डॉक्टर असून आधी त्याच रडल्या होत्या.

"वनिताताई, हे मुलांना शिकवायलाच हवं," त्या म्हणाल्या. "पुढच्या डॉक्टरनं तरी पापण्या बघितल्या पाहिजेत. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"नाव आलं तरी चालंल, पण खरं येऊ द्या," वनिता म्हणाली, आणि संमतीपत्रावर सही केली.

त्याच मॅडमनी तिला खोट्या पेशंटच्या कामाला नेलं. मेघाला नर्सिंगच्या प्रवेशासाठी अर्ज भरून दिला, तोही त्यांनीच. गावात वनिता म्हणायची, "त्या दवाखान्यानं माझं पोर नेलं, पण एक बहीण दिली." सासरे रामभाऊ हे ऐकून नुसते हुं म्हणायचे.

यंदा श्रावणातली गोष्ट. मेघा त्याच कॉलेजात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली ती जेवायला बसेचना. दप्तरातून चार पानं काढून तिनं हातात धरली होती. वर्गात वाटलेली.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"इचार की गं."

"तू बाळाला भगताकडे नेलं होतंस?"

वनिताची भाकरी तव्यावरच राहिली. "कोन म्हनतं?"

मेघानं वाचून दाखवलं. सात वर्षांचा मुलगा, रायगड जिल्ह्यातलं पायथ्याचं गाव, लावणीनंतरचे दिवस, आजोबांशेजारी चटईवर झोपलेला. सकाळी पोटदुखी. पुढे लिहिलं होतं: आईनं त्याला गावातल्या भगताकडे नेलं, तिथं मंत्र घालण्यात साडेतीन तास गेले, साडेदहाला रुग्णालयात आणलं तेव्हा उशीर झाला होता. खाली प्रश्न होता: अशा अंधश्रद्धाळू मातेशी तुम्ही कसा संवाद साधाल? आणि तळाशी, ज्यांच्या संशोधनातून ही केस घेतली त्यांचं नाव. डॉ. सुरभी.

भाकरीचा करपलेला वास घरभर झाला तरी कोणी तवा उतरवला नाही. रामभाऊ ओट्यावरून आत आले. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. त्या दिवसापासून या घरात अंगारा आला नव्हता की गंडा बांधला गेला नव्हता. गावात कुणी भगत आणला तर रामभाऊ त्या आळीतून जायचंही टाळायचे.

"आमच्या घरात भगत?" ते एवढंच म्हणाले, आणि भिंतीला हात टेकवून खाली बसले.

त्या संध्याकाळी वनितानं मेघाला सगळं सांगितलं. मनोज कामावरून आला, तोही ऐकत उभा राहिला. मेघा ऐकताना आईकडे बघत होती आणि मधूनच हातातल्या कागदाकडे. ते वनितानं बघितलं. आपली पोरगी छापलेलं आणि आपलं बोलणं ताडून बघतेय, हे तिच्या काळजात रुतलं.

दुसऱ्या दिवशी ती सुरभी मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कागद टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे कोनाचं पोर हाय?"

सुरभी मॅडमनी कागद बघितला आणि उठून दार लावलं. "वनिताताई, बसा ना."

"बसत नाय. मी सातला आलेली. तुमाला ठाव हाय."

"मला माहीत आहे. मी पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं. पण कॉलेजच्या समितीनं ते पुढे जाऊ दिलं नाही. आपल्याच दवाखान्याची चूक, आपल्याच नावानं... ते बाहेर पडूच देणार नव्हते. मग दोन केस मिळून एक केली. तशी पद्धत असते, ओळख पटू नये म्हणून."

"वळख आमची पुसायची व्हती का तुमच्या डाक्टरची?"

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. मग म्हणाल्या, "परवा विद्यार्थ्यांच्या परीक्षेत हीच केस आहे, त्याआधी मी बदलून घेते. शब्द देते."

वनितानं तो शब्द घेतला. चार वर्षांची माया एका दिवसात तुटत नाही. तिनं घरी जाऊन मनोजला सांगितलंही, "बदलतायत त्या." मनोज म्हणाला, "बघ बाई." पण त्या रात्री तिला धड झोप लागली नाही.

परीक्षेच्या दिवशी सगळ्या खोट्या पेशंट एका खोलीत चहा घेत होत्या. प्रत्येकीला तिच्या भूमिकेचा कागद मिळालेला. वनिताला गुडघेदुखीची म्हातारी आली होती. पलीकडे चौक गावची सुनंदा कागद पुढे धरून पुटपुटत होती: "मला वाटलं भायेरची बाधा हाय, म्हनून भगताकडं नेला..."

वनिता उठून तिच्यामागे उभी राहिली. एकही अक्षर बदललं नव्हतं. उलट नवीन एक ओळ घातली होती: 'आई सुरुवातीला भगताकडे गेल्याचं लपवते, विश्वासात घेतल्यावर कबूल करते.'

"सुनंदे, त्यो कागद मला दे," ती म्हणाली. "तू माझी म्हातारी घे."

"का गं? मॅडम ओरडतील."

"मला ओरडतील. दे."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात बाहेरगावाहून आलेले परीक्षक, त्यांच्या हातात मार्कांचा तक्ता. घंटा वाजली आणि रूपेश नावाचा विद्यार्थी आत आला. हा पोरगा वनिताच्या ओळखीचा होता. कागदात न बघता विचारायला तिनंच त्याला शिकवलं होतं.

"मावशी, मुलाला काय झालं होतं?"

"सकाळी पोट दुखत व्हतं. मी त्याला सातला दवाखान्यात नेला."

रूपेश थबकला. त्याला माहीत होतं की इथं भगत यायला हवा. तो आवाज मऊ करून म्हणाला, "मावशी, मी रागावणार नाही. आधी दुसऱ्या कोणाकडे गेला होता का?"

"नाय."

"कोणी मंत्र वगैरे..."

"बाळा, तुझ्या तक्त्यात काय लिवलंय ते मला ठाव हाय," वनिता म्हणाली. "पन मी त्याला सातला हितंच आनला. ह्याच दवाखान्यात. डोळे उघडत नाय म्हनून सांगितलं. डाक्टर बोलले झोपू द्या. मी नेला घरी. त्या डाक्टरचं ऐकलं मी. त्येवढीच माझी चूक."

तिचा आवाज चढला नव्हता. पण ती अभिनय करत नाही, हे रूपेशला कळलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "मावशी, हे तुमचं..."

"माझं पोर. प्रबुद्ध नाव व्हतं त्याचं."

कोपऱ्यातले परीक्षक म्हणाले, "बाई, कागदावर आहे तेवढंच बोला. मुलाचे मार्क जातायत." रूपेशनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्यानं विचारलं, "पापण्या कधीपासून मिटत होत्या?" ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला, आणि घंटा वाजली. पुढचा विद्यार्थी आत येण्याआधी कॉलेजातल्या दोन बायका आल्या आणि वनिताला बाहेर घेऊन गेल्या. व्हरांड्यात सुरभी मॅडम उभ्या होत्या. वनिताची त्यांच्याशी नजरानजर झाली. मॅडमनी मोबाईल कानाला लावला आणि त्या वळल्या. मोबाईल वाजल्याचा आवाज काही आला नव्हता.

त्या दिवसापासून वनिताला कामाचं बोलावणं बंद झालं. आठ वर्षं गप्प असलेल्या मनोजनं शिळफाट्यावरच्या एका टंकलेखकाकडे बसून कॉलेजला अर्ज करून घेतला: केस खोटी आहे, दुरुस्त करा. एका कागदासाठी त्यानं तीन सुट्ट्या घातल्या. महिना-दीड महिन्यानं उत्तर आलं. मेघानं ते मोठ्यानं वाचलं. सदर केसमध्ये कोणत्याही व्यक्तीचे नाव नमूद नाही. त्यामुळे ती आपल्या मुलाची असल्याचे सिद्ध होत नाही. सबब आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.

"नाव आलं तरी चालंल, म्हनून सही केली मी," वनिता म्हणाली. "आन आता नावच नाय, तर मी कोन?"

मनोजला तो कागद फाडायचा होता. तिनं फाडू दिला नाही. मेघा म्हणाली, "आई, मी सोडते कॉलेज." वनितानं तिला दटावलं. "शिक. पुरतं शिक. सोडायला काय तुला त्यांनी घेतलंय? तुझ्या मार्कावर गेलीस तू." मेघा गेली, जाते अजून, पण सुरभी मॅडमच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसते आणि हजेरीला नुसता हात वर करते.

दिवाळीनंतर एका दुपारी रूपेश शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. वनिता पातेली घासत होती. त्यानं सांगितलं, त्या परीक्षेत तो नापास झाला, पुन्हा दिली, पास झाला. "दुसऱ्यांदा भगताची केस आली होती का?" तिनं विचारलं. तो मान खाली घालून हो म्हणाला. मग म्हणाला, "मावशी, आता पोट दुखतंय म्हणून पोरगं आलं की मी आधी पापण्या बघतो. कोण ओरडलं तरी."

वनितानं हात धुतले, त्याला पाणी दिलं, बसायला पाट दिला. तिला बरं वाटलं, आणि हे शिकवायला एवढं सगळं व्हावं लागलं याचा संतापही आला. दोन्ही एकदमच.

"मावशी, आमची बॅच सगळी विचारते. तुम्ही परत याल का शिकवायला?"

"नाय रं," ती म्हणाली. "आता माझ्याच्यानं खोटं आजारी पडवत नाय."